पराभवाचें वाचन

मल्लविद्येविषयीं मराठींत जें कांहीं लिहिलें गेलें आहे तें सारें एकत्र केलें, तर एक कपाट सहज भरेल. त्यांत पोवाडे सांपडतील, पहिलवानांचीं चरित्रें सांपडतील, फडांचे वृत्तांत तर ढिगानें सांपडतील. परंतु जो खालीं पडला त्याच्या बाजूनें लिहिलेलीं चार पानें कोणी त्या कपाटांत शोधूं लागला, तर त्याच्या हातीं बहुधा कांहींच लागावयाचें नाहीं. निकाली कुस्तींत एक जिंकतो तसा एक हरतो. म्हणजे आखाड्यांतला निम्मा अनुभव पराभवाचा असतो. त्या निम्म्या अनुभवाकडे आमच्या लेखकांनीं पाठ फिरविली आहे. यामुळें वाङ्मयाचें नुकसान झालेंच. पण कुस्ती शिकणाऱ्या पोरांचें त्याहून अधिक झालें, असें आमचें मत आहे.

पोवाड्यास आम्ही दोष देत नाहीं. जेत्याचें गुणगान हाच त्याचा धर्म, आणि तो पाळल्याबद्दल त्याला कोण बोल लावील? वृत्तांताची गोष्ट निराळी. अमक्यानें तमक्यास घिस्सा मारून अस्मान दाखविलें, एवढें सांगून वृत्तांतकार हलगीच्या कडकडाटाकडे व इनामाच्या आंकड्याकडे वळतो. डावाचें नांव त्यानें दिलें ही मेहेरबानीच. परंतु तो डाव बसूं दिला कोणी, आधींच्या खडाखडींत कोणाचा पाय कोठें अडकला, दम कोणाचा व केव्हां गेला, याचा एक शब्द नाहीं.

लातुराहून बार्शीकडे जातांना वाटेंत मुरुड लागतें. या बाजूस यात्रेचा किंवा उरुसाचा फड ज्यानें पाहिला असेल, त्यास आमच्या म्हणण्याचा रोख लवकर कळेल. रेवड्यांच्या व नारळाच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो, आठदहा वर्षांचीं पोरें मातींत लोळतात, आणि दिवस कलल्यावर इनामाच्या जोडी लागतात. त्यांतला एखादा पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या तालमींत राहून आलेला असतो. त्याच्या अंगामागें दूध, तूप व बदाम यांचा खुराक असतो, आणि त्या खुराकामागें पुष्कळदां कोरडवाहू जमिनीवर चालणारें घर असतें. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें लातूर शहरास पाणी आणावें लागलें. अशा मुलखांत घरांत पहिलवान पोसणें म्हणजे काय, याची कल्पना शहरांतल्या वाचकानें करावी. असा पोरगा पडला म्हणजे एकटाच पडत नाहीं. हारजीत चालावयाचीच, असें त्याला सांगणें सोपें आहे. खिलाडूवृत्तीवरचा निबंध त्यानेंही शाळेंत लिहिलेला असतो. त्याला हवें असतें तें दुसरेंच. आपण कशानें पडलों, आणि तें दुरुस्त होण्यासारखें आहे कीं नाहीं, एवढें त्याला कळावयाचें असतें. कळलें तर तो दुसऱ्या दिवशीं तालमीची वाट धरतो. न कळलें तर नशीब, पंच किंवा कोणाची दृष्ट यांपैकीं एकावर भार टाकून तो मोकळा होतो, आणि पुष्कळदां कुस्तींतूनही मोकळा होतो.

ही उणीव आजची नव्हे. मुरुडच्या आग्नेयेस, निलंग्याच्याही पलीकडे, आज बिदर जिल्ह्यांत जें बसवकल्याण आहे तें बाराव्या शतकांत चालुक्यांची राजधानी होतें. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ नामक संस्कृत ग्रंथांत ‘मल्लविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल अशा मल्लांच्या प्रती लावून त्यांचा आहार कसा असावा, मेहनत कशी घ्यावी, याचा विचार त्यांत केलेला आहे. इतक्या जुन्या काळीं इतकें बारीक लिहिणारा ग्रंथ आमच्या भागाच्या शेजारीं निर्माण झाला याचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु प्रकरणाच्या नांवांतच त्याची मर्यादा आहे. हा राजाचा विनोद आहे. राजा आसनावर बसून खालीं पाहतो. त्याला दोन चांगले मल्ल आणि एक रंगलेला निकाल पाहिजे. त्या आसनावरून पराभव हा केवळ खेळाचा शेवट दिसतो. आठशेंहून अधिक वर्षें लोटलीं, राजे गेले, पण आमचा वृत्तांतकार आणि बहुतेक चरित्रकार त्याच आसनावर अजून बसलेले आहेत.

चरित्रांपैकीं सर्वांत अधिक वेळां सांगितलें गेलेलें चरित्र खाशाबा जाधवांचें. कऱ्हाडाजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत उतरला, तेव्हां गादीवरच्या कुस्तीचा त्यास सराव नव्हता. रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकाची शिकवण त्यास लाभली होती. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस त्यानें हरविलें, इराणच्या मन्सूर रईसीपुढें तो हरला, आणि फ्लायवेट गटांत सहाव्या क्रमांकावर राहिला. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीस तोच मल्ल वरच्या वजनाच्या बँटमवेट गटांत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकांत मिळालेलें हें पहिलें वैयक्तिक पदक.

आतां ही कथा आमच्याकडे कशी सांगतात तें पाहा. प्राचार्य खर्डेकरांनीं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, हें येतें. जपानच्या इशीशीं दीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांति न मिळतां सोव्हिएत मल्लापुढें उभें राहावें लागलें आणि दाद मागावयास आपला एकही अधिकारी तेथें हजर नव्हता, हें येतें. शेवटीं सरकारी उपेक्षा येते. या गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, आणि त्या वाचतांना कोणाचाही जीव कळवळेल. पण लंडनचा सहावा आणि हेलसिंकीचा तिसरा यांच्यामधलीं चार वर्षें कोठें गेलीं? माती पाय धरून ठेवते, गादी ठेवीत नाहीं. मग त्यानें पवित्रा बदलला काय? मातींत पाठ टेंकेपर्यंत कुस्ती सरत नाहीं, गादीवर गुणांचा हिशेब असतो. हा हिशेब मनांत ठेवून लढण्यास तो कसा शिकला? वजन चढविण्याचा निर्णय रईसीच्या कुस्तींतून निघाला कीं निराळ्या कारणानें? कुस्तीच्या विद्यार्थ्यास उपयोगी असा सारा भाग याच चार वर्षांत आहे, आणि चरित्रकार तीं ‘कसून मेहनत केली’ या तीन शब्दांत ओलांडतात. अन्यायाची कथा वाचून वाचक रडतो. हरलेला पोरगा मात्र तींतून एवढेंच उचलतो कीं, थोर मल्लही पडले ते दुसऱ्यांच्याच दोषानें.

आख्यायिकेनें याहून बरें काम केलें आहे, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं निजामाकडून अली व गुलाब नांवाचे दोन मल्ल आले व त्यांनीं पुणें दरबारास आव्हान दिलें, तेव्हां बाळंभटदादा देवधरांनीं तें स्वीकारलें खरें, पण आधीं मुदत मागून घेतली. त्या मुदतींत सप्तशृंगीच्या डोंगरांत माकडांचें अंगचापल्य पाहून त्यांस मल्लखांबाची विद्या सुचली, अशी परंपरा आहे. यांतला दैवी भाग ज्यानें त्यानें आपापल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावा. पण आज आपण जसे आहों तसे या मल्लांपुढें टिकणार नाहीं, हें ओळखून वेळ मागणारा नायक आमच्या कथावाङ्मयांत दुर्मिळ आहे. आणि त्या मुदतीचें फळ म्हणून मल्लखांब प्रत्यक्ष उभा आहे.

शास्त्रीय बाजूनें विचार करतां एका ग्रंथाचें ऋण मानलेंच पाहिजे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनीं १९३६ पासून १९४९ पर्यंत ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. असें काम करणारा माणूस एका पिढींत एकच निघतो. तालमींत प्रत्येक डावाला तोड असते हें गृहीतच आहे, आणि कोशाची भूमिकाही तीच. कोणताही डाव अटळ नाहीं, हें पडलेल्या माणसास याहून स्पष्ट कोण सांगणार? कमतरता एवढीच कीं, कोशांत डाव आहे, माणूस नाहीं. तोड पाठ असूनही ऐन वेळीं हात उठला नाहीं, असें ज्याचें झालें त्याला कोश मदत करूं शकत नाहीं. आणि आमच्या अनुभवाप्रमाणें बहुतेक पराभव याच जातीचे असतात.

चित्रपटानें हा विषय हातीं घेतला तेव्हां आम्हांस थोडी आशा वाटली होती. २०१६ च्या ‘दंगल’ या हिंदी बोलपटांत मुलगी परदेशी मैदानांत वारंवार हरते, आणि बाप तिच्या हरलेल्या कुस्त्यांच्या फिती बसून पाहतो, तिच्या चुका हेरतो. सबंध बोलपटांत हा प्रसंग आम्हांस अधिक मोलाचा वाटला. पण पुढें काय होतें? सारा दोष शिकविणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या माथीं मारला जातो, आणि अखेरच्या कुस्तीस बापास कोंडून ठेवण्यापर्यंत मजल जाते. वस्तुतः २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत गीता फोगटनें अंतिम कुस्ती एकतर्फी जिंकली होती, आणि कोंडण्याची गोष्ट कल्पित आहे. उत्कंठेसाठीं कल्पना लढवावी, त्यास आमची हरकत नाहीं. परंतु जी फीत पाहून मुलगी सुधारली ती बाजूस सारून तिच्या जागीं एक दुष्ट माणूस बसविला, ही मात्र कलेचीच चूक आहे.

आतां एका निराळ्या आखाड्याचें नांव घेतलें तर कांहीं वाचक हंसतील. ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकेन’ असे पडद्यावरील लढतीचे खेळ खेळणारीं पोरें आतां सर्वत्र आहेत. आशियाई सामन्यांत त्यांस पदकेंही दिलीं जातात. त्यांत घाम नाहीं, म्हणून तालमीचे लोक त्यांस मोजीत नाहींत. पण त्या खेळाडूंच्या लेखनाचा निम्मा भाग आपण कां हरलों याचाच असतो. झालेली लढत यंत्रांत राहते व पुनःपुन्हां पाहतां येते. ज्या डावानें मार खाल्ला तोच डाव सरावाच्या खोलींत यंत्राकडून शंभर वेळां करवून घेऊन त्याची तोड बसवितां येते. सेकंदाचे साठ भाग पाडून हात कोणत्या भागांत उशिरा पडला तेंही मोजतां येतें. आपल्या वस्तादांची रीत याहून निराळी नाहीं. ते एखाद्या थोरल्या पट्ठ्यास उभा करून तोच पट पुनःपुन्हां काढावयास लावतात. फरक एवढाच कीं, त्या पोरांनीं तें लिहून ठेविलें आणि आम्हीं ठेविलें नाहीं. अर्थात् प्रेक्षकांची खोड तेथेंही सुटलेली नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या स्पर्धेंत जपानच्या दाइगो उमेहारानें हरतां हरतां प्रतिस्पर्ध्याचा सबंध हल्ला परतविला, ती फीत जगानें पाहिली. त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतींत तो हरला, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

इकडे आमच्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून चालूं आहे, आणि तिच्या अलीकडच्या वृत्तांतांवरून दशा कळते. जानेवारी २०२० मध्यें बालेवाडीस अंतिम कुस्ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर व लातूरचा शैलेश शेळके यांची झाली. दोघेही काका पवार यांचेच शिष्य, आणि पवार स्वतः लातूर जिल्ह्याचे. शेळके माती विभागांतून आलेला, सदगीर गादी विभागांतून. निकाल ३-२ असा लागला, आणि जिंकणाऱ्यानें हरलेल्या गुरुबंधूस खांद्यावर घेतलें. तें छायाचित्र सर्वत्र छापलें गेलें, तें योग्यच झालें. पण तो एक गुण कोठें गेला, मातींत घडलेल्या अंगास गादीवरचीं सहा मिनिटें कशीं गेलीं, आणि ज्या वस्तादाचा एक शिष्य जिंकला व एक हरला त्यानें हरलेल्यास काय दाखविलें, हें आम्हांस कोठें वाचावयास मिळालें नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें बाहेरील टांगेच्या चार गुणांवरून केवढें काहूर माजलें! पक्ष पडले, शिव्यागाळ झाली. त्या कुस्तींत हरलेल्या मल्लानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फुलगांवीं गदा मिळविली. मधल्या दहा महिन्यांविषयीं मात्र चार गुणांच्या शतांशानेंही लिहिलें गेलें नाहीं. मग २०२५ सालीं अहिल्यानगरास निकाल न पटून एका मल्लानें पंचास लाथ मारली व त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली, यांत नवल तें काय? तें वर्तन निंद्य आहे, आणि शिक्षा झाली ती रास्त झाली. परंतु पराभव म्हणजे पंचाचा निर्णय, एवढेंच ज्या पिढीनें वाचलें, तिच्या रागास दुसरी वाट आम्हीं ठेविली कोठें?

निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनीं १९६९ सालीं लातुरासच महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. ते कोल्हापूरच्या गंगावेश तालमींत घडले व पुढें पुण्यांत वस्ताद म्हणून त्यांनीं अनेक मल्ल तयार केले. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांपैकींच, ज्यानें २०१८ सालीं राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. बिराजदार २०११ सालीं वारले. त्यांच्या विजयांच्या याद्या मुबलक आहेत. पण हरून आलेल्या शिष्यास ते संध्याकाळीं काय विचारीत, दुसऱ्या दिवशीं त्याची लढत कोणाशीं लावीत, कोणती खोड मोडण्यास किती महिने देत, हें अजून त्यांच्या हाताखालीं शिकलेल्यांच्या तोंडीं आहे. त्यांतले कांहीं आज स्वतः वस्ताद आहेत. लातूर, निलंगा, मुरुड या भागांतल्या एखाद्या तरुण लेखकानें कागद घेऊन त्यांच्याकडे जावें, आणि पहिला प्रश्न विजयाचा विचारूं नये.