तिरकस गुणाकारात हरवलेले प्रभार

आयनिक संयुगांची सूत्रे शिकविण्याची एक रूढ रीत आहे. संज्ञा शेजारी मांडायच्या, खाली संयुजा लिहायच्या, तिरके बाण काढून आकड्यांची अदलाबदल करायची. बालभारतीने २०१७ साली आणलेल्या नववीच्या पुस्तकातही ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात हा तिरकस गुणाकार होता. ‘लातूर पॅटर्न’च्या मुलखात अशा रीतीला मोल असणारच, प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. वेगाबद्दल माझी तक्रार नाही.

ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्या. बाण ओढले की दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन असे बरोबर उत्तर येते. पण का? दोन ॲल्युमिनियम आयनांचे मिळून ६ धन प्रभार, तीन ऑक्साइडांचे मिळून ६ ऋण, बेरीज शून्य, हे मुलाच्या वहीत कोठेच उमटत नाही. संयुजा लिहिताना चिन्ह गळते आणि त्याबरोबर कारणही. मग मॅग्नेशियम ऑक्साइडला ‘दोन-दोन’ आले की ‘आता २ ने भागा’ हे पुरवणी कलम जोडावे लागते. हेच कलम पुढे घात करते. सोडियम पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात व त्या जोडीवर २ ऋण प्रभार असतो. मर्क्युरस क्लोराइडमध्ये पाऱ्याची तशीच जोडी असते, २ धन प्रभारांची. भागायची सवय जडलेला विद्यार्थी दोन्ही सूत्रे इमानेइतबारे एकास एक करून टाकतो. जोडी हा एकच आयन आहे, तो फोडता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा कंस विसरतो तोही याच कारणाने.

प्रश्नपत्रिका त्यात भर घालतात : ‘सोडियम क्लोराइडचे रेणुसूत्र लिहा.’ मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम असतात. तेथे सुटा रेणू नाही. सूत्र सांगते ते केवळ प्रमाण.

प्रभारांचा ताळा खरा कामाला येतो तो पाण्याच्या तपासणीत. आपल्याकडे बोअरच्या कठीण पाण्याने भांड्यांत पांढरा थर धरतो, हे मुले घरीच पाहतात. सोपे आकडे घेऊन उदाहरण पाहू. एक लिटर पाण्यात कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम २४, सोडियम ४६ मिलिग्रॅम. बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट ४८ मिलिग्रॅम. प्रत्येक आकड्याला त्या आयनाच्या भाराने भागून प्रभाराने गुणा. धन बाजूस ४, २ आणि २, म्हणजे ८. ऋण बाजूस ५, २ आणि १, पुन्हा ८. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते, म्हणून दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. फार तफावत आली तर मोजमाप चुकले किंवा एखादा आयन मोजायचा राहिला. नववीच्या वर्गाला गावच्या पाण्याच्या अहवालावर हा हिशेब सहज करता येईल. येथे तिरके बाण काही मदत करीत नाहीत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. किनवट तालुक्यात ज्या फ्लोराइडने लोकांचे दात आणि हाडे बिघडविली, त्याची पिण्याच्या पाण्यातील कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. वरील हिशेबात ते जेमतेम ०.०८ भरते. एवढी चूक आठच्या बेरजेत सहज लपते. फ्लोराइड स्वतंत्रपणेच मोजावे लागते.