शिक्का असलेले आणि नसलेले सुपरहिरो

१९६८ साली जिम स्टेरांको या चित्रकाराने 'निक फ्युरी, एजंट ऑफ शील्ड'च्या दुसऱ्या अंकासाठी एक निःशब्द पान रेखाटले. गुप्तहेर निक फ्युरी आणि त्याची मैत्रीण व्हॅलेंटिना यांची एकांतातली रात्र. एका चौकटीत काढून ठेवलेला टेलिफोनचा रिसीव्हर, शेवटच्या चौकटीत दोघांचे आलिंगन. पान छापून आले तेव्हा रिसीव्हर पुन्हा फोनवर जाऊन बसला होता आणि आलिंगनाच्या जागी म्यानात खोचलेले पिस्तूल होते. पुसून टाकलेल्या आलिंगनापेक्षा ते पिस्तूल कितीतरी जास्त सूचक आहे, हे जाणत्या वाचकाला सांगावे लागत नाही.

हा किस्सा कॉमिक्सचे चाहते आवडीने सांगतात आणि बंधने आली की कल्पकतेला धार चढते, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. निष्कर्ष फार स्वस्तातला आहे. बदलून छापलेली पाने आज आपल्यासमोर आहेत. जी कधी काढलीच गेली नाहीत, त्यांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

या बंधनांचे मूळ १९५४ सालात आहे. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' त्याच वर्षी आले आणि कॉमिक्समुळे मुले बिघडतात ही भीती अमेरिकेत घरोघरी पोहोचली. बालगुन्हेगारीवरच्या सिनेट उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. ईसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स साक्षीला बसले असताना सिनेटर केफॉवर यांनी त्यांच्यासमोर एक मुखपृष्ठ धरले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात स्त्रीचे तोडलेले शीर. हे अभिरुचीला धरून आहे का? भयकथेचे मुखपृष्ठ म्हणून आहे, असे गेन्स म्हणाले. शीर आणखी वर धरून रक्त ठिबकताना दाखवले असते तर ते वाईट दिसले असते. व्यवसायाची बाजू तिथेच पडली.

सरकारने कायदा मात्र केला नाही. प्रकाशकांनीच संघटना उभारली, ऑक्टोबरमध्ये 'कॉमिक्स कोड' मंजूर केला आणि पाने तपासायला न्यूयॉर्कचे मॅजिस्ट्रेट चार्ल्स मर्फी यांना नेमले. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठे उघडायलाही तयार नसत. शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' नको; व्हॅम्पायर, झोम्बी नकोत; पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असे काही नको; दर वेळी विजय सत्प्रवृत्तीचाच. ही हवा अमेरिकेपुरती राहिली नाही. ब्रिटनने १९५५ साली आणि भारताने १९५६ साली मुलांसाठी घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदेच केले.

कोड खरोखर कशाला घाबरत होता, ते 'जजमेंट डे' या कथेवरून कळते. एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर पाहणीला जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हीन वागणूक देतात, म्हणून तो त्यांना आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात प्रवेश नाकारतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकत आहेत. कथेत रक्त नाही, भूत नाही. तरीही मर्फींनी नायकाचा वर्ण बदलायला सांगितले. गेन्स जाहीर वाच्यता करण्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा निदान घाम तरी काढा, असा आग्रह झाला. कथा १९५६ च्या सुरुवातीला एका अक्षराचाही बदल न होता छापली गेली आणि ईसीने कॉमिक्सच्या पुस्तिका काढणे थांबवले. त्यांचे 'मॅड' तेवढे आधीच मासिकाच्या रूपात गेल्याने कोडच्या कक्षेबाहेर राहिले.

सुपरहिरोंचा या पडझडीत फायदाच झाला. युद्धानंतर त्यांची चलती ओसरली होती. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन अशी मोजकी नावे टिकून होती. भयकथा आणि गुन्हेकथा दुकानांतून उठल्या, मैदान मोकळे झाले आणि १९५६ साली फ्लॅश नव्या रूपात परतला. अमेरिकेत कॉमिक्स म्हणजे सुपरहिरो हे समीकरण वाचकांच्या आवडीतून जितके घडले, तितकेच प्रतिस्पर्धी हद्दपार झाल्यामुळेही घडले. आणि उरलेला नायक तरी कसा होता? व्यवस्थेवर कधी संशय न घेणारा, नैतिक पेचात न सापडणारा. एका पिढीला हाच नायक मिळाला, ही कोडची सर्वांत मोठी हानी.

पहिले खिंडार स्पायडरमॅनने पाडले. अमली पदार्थांचे धोके मुलांना कळावेत म्हणून आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांना पत्र पाठवले. लींनी कथा लिहिली, पण व्यसनाचा उल्लेख आहे एवढ्यावरून शिक्का नाकारण्यात आला. १९७१ मध्ये मार्व्हलने 'द अमेझिंग स्पायडरमॅन'चे ९६ ते ९८ हे तीन अंक शिक्क्याविनाच काढले. आभाळ कोसळले नाही. कोडच सैल झाला, व्हॅम्पायर परतले. झोम्बींवरची बंदी कायम असल्याने मार्व्हलने त्यांना 'झुवेंबी' म्हणून आत घेतले. पुढे १९८४ साली ॲलन मूर यांच्या 'स्वॅम्प थिंग'च्या २९व्या अंकाला शिक्का मिळाला नाही, तेव्हा डीसीनेही तो तसाच बाजारात आणला. खास कॉमिक्सच्या दुकानांत शिक्का कुणी पाहत नव्हते. मार्व्हलने २००१ मध्ये कोड सोडला, डीसीने २०११ मध्ये.

म्हणजे सुपरहिरो मोकळे झाले, असे मानणे घाईचे ठरेल. कोडच्या जागी मालकी आली. कधी तिचा नकार फळतोही: मूर यांना चार्लटन कंपनीची जुनी पात्रे हवी होती, ती पुढे वापरण्याजोगी उरणार नाहीत म्हणून डीसीने दिली नाहीत आणि त्यांच्या धर्तीवर 'वॉचमेन'ची स्वतंत्र पात्रे जन्मली. पण याच डीसीने १९८९ मध्ये रिक व्हीच यांची, स्वॅम्प थिंग येशूला भेटतो ही कथा ऐन वेळी रोखली आणि व्हीच मालिका सोडून गेले.

बॅटवूमनची हकीकत याहून बोलकी आहे. बॅटमॅन आणि रॉबिन यांच्या सहवासात वर्थम यांना समलैंगिकता दिसली होती. तो संशय पुसण्यासाठी १९५६ साली बॅटवूमनला आणले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. २००६ साली डीसीने तीच ओळख केट केन या समलिंगी नायिकेला दिली. जे. एच. विल्यम्स तिसरे आणि डब्ल्यू. हेडन ब्लॅकमन यांनी तिची मालिका मनापासून वाढवली, केटने मॅगी सॉयरला लग्नाची मागणी घातली. मात्र लग्न दाखवायला डीसीने मनाई केली. आमचे नायक वैयक्तिक आयुष्यात सुखी होता कामा नयेत, हा नियम सगळ्यांनाच आहे, असे संपादकीय समर्थन देण्यात आले. सप्टेंबर २०१३ मध्ये दोघांनी मालिका सोडत असल्याचे जाहीर केले. या वेळी ना मॅजिस्ट्रेट होता, ना सुनावणी; पात्र कंपनीचे, त्यामुळे दाद कुठे मागणार? कथा ऐन रंगात असताना दुसऱ्या लेखकाच्या हाती गेली आणि केट-मॅगीचे लग्न त्या मालिकेत झालेच नाही.