प्रकाशाने लागणारा दिवा : संच काय शिकवतो, काय लपवतो

शालेय विज्ञान प्रदर्शनात प्रकाशाने लागणारा दिवा हमखास असतो. ५५५ क्रमांकाची टायमर चिप, एलडीआर, दोन-तीन रोध, एक कपॅसिटर, एक एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढे साहित्य त्याला पुरते. सेलूसारख्या गावातही आता त्याचा तयार संच कुरियरने येतो. असा एक संच आम्ही तपासला. माहितीपत्रकातली आकृती सुबक होती, जोडणीही अचूक. एलडीआरवर प्रकाश पडताच एलईडी ११ सेकंद लागेल, एवढेच स्पष्टीकरण त्यात होते.

सेलूतल्या एका वर्गात, भर दुपारी, खिडकीजवळच्या बाकावर आम्ही परिपथ जोडला. बॅटरी लावताच एलईडी लागला आणि विझेचना. संच बिघडला असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात चिप आपले काम चोख करत होती.

ही चिप हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी १९७१ मध्ये तयार केली व ती १९७२ मध्ये बाजारात आली. तिच्या आत तीन समान रोधांची साखळी असते. ही साखळी बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करते. २ क्रमांकाच्या पिनवरचे व्होल्टेज एक-तृतीयांशाखाली, म्हणजे येथे ३ व्होल्टखाली गेले, की एलईडी लागतो. या पिनपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत १० किलोओहमचा रोध आणि ऋण टोकापर्यंत एलडीआर जोडलेला असतो. प्रकाश वाढला की एलडीआरचा रोध घटतो. तो ५ किलोओहमखाली गेला, की ३ व्होल्टची सीमा ओलांडली जाते. आमच्या बाकावर तो टॉर्च न लावताही त्याहून कमी होता! अंधाऱ्या खोलीत हाच संच नीट चालेल. म्हणजे १० किलोओहम हा आकडा खोलीवर अवलंबून आहे, आणि पत्रक तर तो सर्वत्र लागू असल्यासारखा देते.

बॅटरी ९ ऐवजी ६ व्होल्टची लावली तरी ५ किलोओहमची सीमा बदलत नाही, कारण दोन्ही बाजूंना गुणोत्तरेच आहेत. गणितातल्या गुणोत्तराचा इतका सुरेख उपयोग हाताशी असताना पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

आता ११ सेकंदांचे पाहू. १.१ ला रोधाने व धारितेने गुणायचे. १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर उत्तर ११ सेकंद येते. हे सूत्र बरोबर आहे, पण प्रकाशाचा झोत त्याहून आधी दूर झाला तरच. एलडीआर काळ्या कागदाच्या नळीत बसवून त्यावर टॉर्च ३ सेकंद धरला, तर एलईडी सुमारे ११ सेकंद लागतो. टॉर्च २० सेकंद धरला, तर तो २० सेकंद लागतो आणि टॉर्च बाजूला होताच विझतो. २ क्रमांकाची पिन सीमेखाली असेपर्यंत चिप एलईडी विझू देत नाही. शिवाय बाजारातल्या कपॅसिटरच्या छापील मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. त्यामुळे घड्याळात ९ किंवा १३ सेकंद भरले, तर विद्यार्थ्याचे मोजमाप चुकले असे समजू नये.

आमचा आक्षेप चिपला नाही. ती स्वस्त, टिकाऊ आणि शाळेला साजेशी आहे. आक्षेप आहे तो दिवा लागला की प्रयोग संपला, या समजुतीला. चकचकीत पेटीतला दिवा पाहून गुण दिले जातात. पेटीमागचा विद्यार्थी मात्र १० किलोओहमच का, या प्रश्नावर गप्प होतो. दोष त्याचा नाही. त्याला मोजायला कोणी सांगितलेलेच नसते.

शिक्षकांनी संच जोडण्याआधी विद्यार्थ्याच्या हाती मल्टिमीटर द्यावा. एलडीआरचा रोध खिडकीशी, कोपऱ्यात, नळीत आणि टॉर्चखाली मोजून त्याचा तक्ता करू द्यावा. त्या तक्त्यावरून वरचा रोध त्यानेच निवडावा : टॉर्चखालच्या रोधाच्या दुपटीहून जास्त, खोलीतल्या रोधाच्या दुपटीहून कमी. परीक्षकांनीही पेटीआधी हा तक्ता मागावा. एखाद्याचा दिवा ऐनवेळी लागला नाही, पण का लागला नाही हे त्याने आकड्यांनिशी सांगितले, तर त्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नसावी.