भुताची जुळी बहीण

रहस्यपट पाहून आलेल्या प्रेक्षकाचे पहिले वाक्य ऐकण्यासारखे असते. आमच्या क्रांती चौकात, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अलीकडे, रात्रीच्या खेळानंतर चहाला थांबणारी मंडळी ते हमखास बोलतात : “काम छान केले हो तिने, पण...” या ‘पण’पुढे जे येते ते पटकथेचे देणे असते; फेडायला मात्र नटीला उभे केलेले असते.

उदाहरण जुने, पण घरोघरी पाहिलेले घेतो. राज खोसला यांचा ‘वो कौन थी?’, १९६४ सालचा. पावसाळी रात्र, डॉक्टर आनंदची मोटार, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई. काचेवरचा वायपर बंद पडलेला, पुढचे काही दिसत नाही, आणि ही बाई शांतपणे वाट सांगते, ती थेट कब्रस्तानाची! साधनाने येथे डोळे आणि ओठांचा एक कोपरा यांखेरीज फारसे काही वापरलेले नाही. पुढे लग्नाच्या रात्री आनंद घुंघट उचलतो, तो तोच चेहरा. तिथून पुढे तिची खरी परीक्षा. ही निष्पाप पत्नीही वाटली पाहिजे आणि पिशाच्चही. ती दोन्ही वाटते.

आणि उलगडा काय? (साठ वर्षे उलटली, आता गुपित फोडल्याचे पाप लागू नये.) इस्टेटीसाठी आनंदला वेडा ठरवू पाहणारा भाऊबंद, आणि त्याने हाताशी धरलेली पत्नीची जुळी बहीण. भाऊबंदकीचे आपल्याला नवल नाही. पण बहीण अगदी शेवटच्या मिनिटांत समोर येते. माझा राग योगायोगावर नाही. शेक्सपिअरनेही ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ जुळ्यांवरच रचले. पण जुळ्यांची हकीगत त्याने पहिल्याच प्रवेशात सांगून टाकली. येथे सगळी भुताटकी बहिणीच्या खाती मांडली, तरी घरातल्या पत्नीच्या त्या गूढ नजरेचे काय करायचे? तिला तर काहीच ठाऊक नव्हते. मग ती अशी पाहत का होती? पटकथाकाराला आपल्याला फसवायचे होते, एवढेच उत्तर मिळते. चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा, म्हणजे पहिल्या खेपेस अंगावर काटा आणणारी ती नजर बेवारशी होऊन पडलेली दिसते. मदनमोहनची गाणी तेवढी तरतात. त्यांना खुनी कोण याच्याशी कर्तव्य नसते.

याउलट विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ (२०१७). पूजा सावंतची गर्भारशी सावकारांच्या भीतीने नवऱ्याबरोबर उसाच्या फडांत दडलेल्या एका घरी येते. ड्रायव्हरची बायको, म्हणजे उषा नाईक, तिची विचारपूस करते, खाऊ-पिऊ घालते. पुढचे सांगत नाही. पाहिला नसेल त्यांचा हक्क मारू नये. पण सारे कळल्यावर पुन्हा पाहा. तेच प्रेमळ शब्द, तीच लगबग, आणि आता प्रत्येक घासाला भीती वाटते. त्या बाईला पहिल्या दृश्यापासून काय हवे होते ते लेखकाला माहीत होते, म्हणून नटीलाही माहीत होते. उसाचा फड, किंकाळ्या, धावाधाव यांचा थोडा अतिरेक झाला आहे खरा. पण त्यातूनही ती बाई उठून उभी राहते.

फुरियांनीच २०२१ साली हा चित्रपट हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला. तेथे ही भूमिका मीता वशिष्ठ यांनी केली, अधिक थंडपणे, निराळ्या लयीत. आणि तीही उभी राहिली.