'राज्यांचे हक्क' : एका सोयीच्या स्पष्टीकरणाची तपासणी

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–६५) गुलामगिरीवरून नव्हे, तर राज्यांच्या हक्कांवरून आणि आयात जकातीवरून पेटले, असे आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते. 'गुलामगिरी हे केवळ निमित्त' असे म्हटले की अभ्यास खोल असल्यासारखे वाटते. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातील व्याख्यानात मीही तेच ठोकून दिले होते. नंतर एका वयोवृद्ध शिक्षकांनी विचारले, "मग जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती फसगतच म्हणायची का?" मला उत्तर देता आले नाही. मी पदवीधर इतिहासकार नव्हे. कायद्यांची कलमे आणि जाहीरनामे मुळातून वाचणे, एवढेच हाती होते.

प्रथम या मताची भक्कम बाजू मान्य करू. १८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने मध्यवर्ती सरकारची जकात आपल्या राज्यापुरती रद्द ठरवली. राज्याच्या हक्काचा हा खरा दावा होता. पण १८३३ मध्ये त्यावर तडजोड झाली आणि १८५७ मध्ये तर जकातीचे दर आणखी खाली आले. तरीही तीन-चार वर्षांत देश फुटला. म्हणजे कारण अन्यत्र शोधायला हवे.

ते १८५० च्या फरारी गुलाम कायद्यात दिसते. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी नव्हती. कमिशनरने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर फी, सोडले तर पाच. फरारी माणसाला आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडण्याच्या कामी सामान्य नागरिकालाही हुकूम करता येई. हा कायदा दक्षिणेने मागून घेतलेला होता! विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तेव्हा राज्याचा हक्क उत्तरेकडून बोलत होता. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

मे १८५४ च्या अखेरीस कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची भौगोलिक मर्यादा मोडली आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट करून दिली. त्याच सुमारास बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स हा फरारी गुलाम पकडला गेला. भर रस्त्यातून, सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला जहाजावर नेऊन व्हर्जिनियात परत पाठवले. आजवर गुलामगिरीला 'तिकडची भानगड' मानणाऱ्यांच्या दारातून ती मिरवत गेली. दुफळी रुंदावली ती अशी. तडजोडीची किंमत म्हणून तटस्थ माणसालाही शिपाई बनवले गेले.

पुढचे वादही याच दिशेचे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा काँग्रेसचा अधिकारच नाकारला. १८६० मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्ष फुटला, तो प्रदेशांत गुलामगिरीला मध्यवर्ती संरक्षण हवे या मागणीवरून. त्याच डिसेंबरात साउथ कॅरोलिनाने फुटून निघण्याची कारणे जाहीर केली. त्या निवेदनात आयात जकातीची तक्रार नाही. उत्तरेतील राज्ये फरारी गुलाम परत करीत नाहीत, न्यूयॉर्क तर गुलामासह नुसते जाऊही देत नाही, ही तक्रार आहे. म्हणजे राज्यांनी आपला हक्क वापरला, हाच गुन्हा!

मात्र उलट टोकाचे चित्रही खरे नव्हे. उत्तर काही संतांची भूमी नव्हती. तिच्या गिरण्या गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत. लिंकनच्या पक्षाचा १८६० चा जाहीरनामा गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत होता. जिथे ती होती, तिथली मोडू असे तो म्हणत नव्हता.

मग जोतीरावांचे अर्पण? ते युद्धाआधीच्या उत्तरेला दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने कायद्यातली गुलामगिरी संपली होती, आणि त्यासाठी लढलेल्यांत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. जोतीरावांनी ज्या कामाचा गौरव केला ते काम घडलेले होते. त्यांची फसगत झाली नव्हती. निमित्त आणि कारण यांची अदलाबदल करून फसलो होतो तो मी. त्या शिक्षकांना हे उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते.