‘राजी’: चित्र देखणे, लढाई थिटी

‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील व्हिडिओ गेम. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. तिची कथा विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादातून उलगडते.

जमेची बाजू: पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तू आणि छायाबाहुल्यांचे प्रसंग. खांबाला धरून गिरकी घेत केलेला वार राजीच्या सर्कशीतल्या कसबाशी जुळतो. म्हणजे पात्र आणि खेळाचे नियम एकच गोष्ट सांगतात.

उणीव: कॅमेरा खेळाडूला फिरवता येत नाही. त्यामुळे गर्दीत वार कुठून आला, हे अनेकदा कळत नाही. ‘डार्क सोल्स’ (२०११) या जपानी ॲक्शन रोल-प्लेइंग गेमशी तुलना करा. तो कितीतरी कठीण आहे. पण तिथे कॅमेरा आपल्या हाती असतो, शत्रूच्या वाराची चाहूल आधी लागते. हरल्यावर आपली चूक कळते, म्हणून पुन्हा खेळावेसे वाटते. ‘राजी’त हार बऱ्याचदा काहीच शिकवत नाही. शेवटही अर्ध्यावर तुटतो.

परीक्षण लिहिताना ‘आपला खेळ’ म्हणून सवलत देऊ नका. चित्रांचे कौतुक करून लढाईबद्दल गप्प बसलो, तर पुढच्या भारतीय खेळातही हेच दोष राहतील.