उसवता येणारं आणि न येणारं

डेबी मॅकॉम्बरची ‘द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट’ मी वाचली ती रुग्णालयातल्या बाकावर बसून. मावशीच्या केमोच्या फेऱ्या चालू होत्या. एकेका फेरीत सकाळची संध्याकाळ व्हायची. पिशवीत एक भारदस्त कादंबरी असायची, पण तिचं एकच पान मी तीन-तीनदा वाचत होते. शेवटी फोनवर हे पुस्तक उघडलं. एरवी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पुढच्या चार महिन्यांत त्या मालिकेतली सहा पुस्तकं वाचून झाली आणि त्याबद्दल मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. चार पुस्तकं वाचणारी बाई म्हणून स्वतःची जी काही प्रतिमा आपण जपलेली असते, तिच्यात ती बसत नव्हती.

हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची भरपाई. ‘विरंगुळा म्हणून ठीक आहे हो’ अशी सवलत मात्र मला या पुस्तकांना द्यायची नाही. ती दिली की पुस्तकाबद्दल बोलणंच संपतं.

आधी गोष्ट सांगते. ‘द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट’ 2004 साली आली. सिअ‍ॅटल शहरातली एक गल्ली, तिथे लिडिया हॉफमन नावाची तिशीची बाई लोकरीचं दुकान काढते. सोळाव्या वर्षी आणि पुन्हा चोविसाव्या वर्षी तिला कर्करोग झालेला आहे. दोन्ही वेळा ती वाचली आहे, आणि दुकान हे तिचं जगण्यावर लावलेलं दान आहे. दुकानाचं नाव ‘अ गुड यार्न’. इंग्रजीत ‘यार्न’ म्हणजे धागा आणि गोष्टसुद्धा. ती बाळाचं पांघरूण विणायला शिकवण्याचा वर्ग सुरू करते. तिघी येतात. जॅकलिन ही श्रीमंत, नाक वर असलेली बाई सुनेशी जुळवून घ्यायचं म्हणून येते. मूल होत नाही म्हणून उपचारांची शेवटची संधी घेणारी कॅरल येते. आणि ॲलिक्स येते ती न्यायालयाने लावलेल्या समाजसेवेचे तास भरून काढायला. तिघींना एकमेकींचं तोंड बघायचं नसतं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

हे ओळखता येणं हाच या पुस्तकांचा करार आहे. इंग्रजीत ज्याला ‘कोझी’ म्हणतात त्या ऊबदार कादंबऱ्यांमध्ये विणकाम-शिवणकामाच्या मंडळांची एक स्वतंत्र शाखाच आहे. जेनिफर कियाव्हेरिनीची ‘द क्विल्टर्स अप्रेंटिस’ 1999 ची. तिच्यातून गोधड्या शिवणाऱ्या बायकांची ‘एल्म क्रीक क्विल्ट्स’ ही लांबलचक मालिका उभी राहिली. केट जेकब्सची ‘द फ्रायडे नाइट निटिंग क्लब’ 2007 ची. तिचेही पुढचे भाग निघाले. साचा साधारण एकच. एक टेबल, शिकवणारी एक बाई, भोवती वेगवेगळ्या वयाच्या आणि ऐपतीच्या बायका, प्रत्येकीची एक ठसठसती जखम. मालिकेतलं पुढचं पुस्तक उघडलं की मागच्या पुस्तकातल्या बायका दुकानात बसलेल्या असतातच. शेजारीण बदलत नाही, याचं जे सुख असतं ते हे सुख.

यावर आक्षेप काय, ते मलाही पाठ आहेत. सगळं गोडगोड आहे, शेवट ठरलेला आहे, भाषा सपाट आहे. यातला एकही आक्षेप खोटा नाही. मॅकॉम्बरचं वाक्य फक्त निरोप पोचवतं, त्यापलीकडे काही करत नाही. पण त्या बाकावर बसून मला हळूहळू दिसायला लागलं की एका बाबतीत ही पुस्तकं फार अचूक आहेत. हात कामात असले की माणसं कशी बोलतात, हे त्यांना नेमकं कळलेलं आहे.

समोरासमोर बसून ‘बोल, काय झालंय तुला’ असं विचारलं की कुणी बोलत नाही. नजर खाली असावी लागते. मधल्या शांततेला काहीतरी निमित्त असावं लागतं. दोन सुलट, दोन उलट असे टाके मोजताना आलेली शांतता अवघडलेली नसते. जड वाक्य बोलून झाल्यावर लगेच विचारता येतं, ‘अगं, बघ ना, माझा इथे टाका सुटलाय का?’ ॲलिक्स आणि जॅकलिन एकमेकींच्या आयुष्यात शिरतात त्या अशा फटींमधून.

आपल्याला हे परकं नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पापड लाटणाऱ्या बायकांच्या घोळक्यात जो लहानपणी लाट्या खात बसला असेल, त्याला घरातली निम्मी गुपितं तिथेच कळलेली असतात. आणि त्याच्याही मागे जातं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आज एक लाखाच्या वर आहे. सासरचा जाच, माहेरची ओढ, नवऱ्याबद्दलची तक्रार, असं जे ओसरीवर बोलता येत नव्हतं ते पहाटेच्या अंधारात, खुंट्याला हात असताना म्हणता येत होतं. घरघरीची आडकाठी असल्यामुळे ते सुरक्षित होतं.

फरकही तिथेच आहे, आणि तो झाकून चालणार नाही. जातं ओढणं ही सक्ती होती. दळलं नाही तर भाकरी नाही. ब्लॉसम स्ट्रीटवर विणणं हा छंद आहे, त्याला वर्गाची फी आहे आणि लोकर स्वस्त नाही. मैत्रीच्या टेबलावर बसायला तिकीट आहे. केट जेकब्सने हा आक्षेप आपल्या कादंबरीतच एका पात्राच्या तोंडी दिला आहे. डार्विन चिऊ ही स्त्री-अभ्यासाची संशोधक मॅनहॅटनमधल्या त्या दुकानात येते तीच मुळी नाक मुरडत. बायकांनी शिकूनसवरून पुन्हा सुया हातात घेणं तिला पिछेहाट वाटते. अर्थात यथावकाश तिच्याही हातात सुया येतात, हा त्या साच्याचा विजय. तरी तिचा प्रश्न पूर्ण विझत नाही, कारण दुकानाची मालकीण जॉर्जिया वॉकर हौसेने विणत नाही. ती ऑर्डरप्रमाणे विणून पोट भरते, एकटीने मुलगी वाढवते. एकाच टेबलावर एकीचा विरंगुळा आणि दुसरीचं भाडं असतं. हा ताण जिथे जिथे राहू दिला आहे तिथे पुस्तक चांगलं होतं.

पण या पुस्तकांचं खरं आकर्षण मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं, आणि खरं अपयशही. ते आहे उसवण्यात.

विणकामात चूक झाली की सुईवरून टाके काढायचे, धागा ओढायचा, ओळीमागून ओळ सुटत जाते. लोकर थोडी कुरळी होते, पण तीच लोकर पुन्हा वापरता येते. काही वाया जात नाही. जगात अशा गोष्टी फार थोड्या आहेत. केमोच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला तर त्या सुखाची भूक कळायला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मॅकॉम्बर हे सुख धाग्यावरून उचलते आणि माणसांच्या आयुष्याला लावते. सुनेचा दुस्वास उसवता येतो, विटलेला संसार पुन्हा विणता येतो. कॅरलला मूल होत नाही, तर ॲलिक्सच्या खोलीत राहणारी मुलगी नेमकी गरोदर असते आणि तिला मूल नको असतं. धाग्याचं टोक टोकाला मिळतं. वाचताना मी सुखावले, आणि पान उलटल्यावर मला थोडं फसवल्यासारखंही वाटलं. ज्या बाईने आपलं बाळ दिलं तिचं पुढे काय, हा प्रश्न त्या पांघरुणाखाली झाकला गेला होता.

याच साच्यातली चांगली पुस्तकं वेगळी ओळखू येतात ती इथे. ‘द क्विल्टर्स अप्रेंटिस’मध्ये सिल्व्हिया ही म्हातारी पेनसिल्व्हेनियातलं वाडवडिलांचं घर विकायला परतलेली असते. सारा ही तरुण मुलगी तिला आवराआवरीत मदत करते आणि मोबदल्यात गोधडी शिवायला शिकते. एकेक ठोकळा शिवून होतो तसतसं सिल्व्हियाचं बोलणं उलगडत जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरात जे घडलं त्यावरून ती बहिणीशी, क्लॉडियाशी, भांडून घराबाहेर पडली होती. ती परतते तेव्हा क्लॉडिया मेलेली आहे. कादंबरी पुढे सगळं करते. घर वाचतं, तिथे गोधडी शिकवण्याचं केंद्र निघतं, सारा आणि सिल्व्हिया एकमेकींच्या होतात. फक्त क्लॉडियाला परत आणत नाही. ऊब पुरेपूर, पण एक कोपरा गारच ठेवलेला.

जेकब्सने तर करारच मोडला. ‘द फ्रायडे नाइट निटिंग क्लब’च्या शेवटी जॉर्जिया अंडाशयाच्या कर्करोगाने मरते. ऊबेसाठी हे पुस्तक उचललेल्या वाचकाला हा शेवट दगा वाटू शकतो, आणि त्यात नवल नाही. मला मात्र तो प्रामाणिकपणा वाटला. मैत्रिणींचं मंडळ मरण अडवू शकत नाही. मागे राहिलेल्या पोरीच्या भोवती बसू शकतं, इतकंच.

या सगळ्या पुस्तकांची एक कडक आजी आहे. सुसान ग्लास्पेल. 1900 साली आयोवा राज्यात एका शेतकऱ्याचा खून झाला, आरोप त्याच्या बायकोवर आला. ग्लास्पेलने वार्ताहर म्हणून ते प्रकरण हाताळलं होतं. त्यावरून तिने 1916 मध्ये ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली आणि पुढच्या वर्षी तिचीच कथा केली. पुरुष घरभर पुरावा शोधत हिंडतात. दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. त्यांना अर्धवट गोधडी सापडते. सगळी शिवण नीटस, फक्त एका ठोकळ्यावरचे टाके वेडेवाकडे. ज्या हाताने ते घातले तो हात त्या दिवशी थरथरत होता, हे त्या दोघींना वाचता येतं. बायकांची गोधडीची चर्चा ऐकून पुरुष हसतात. मग दोघींतली एक ते वेडे टाके उसवते आणि नीट शिवायला घेते.

मला उसवण्याचा याहून मोठा प्रसंग माहीत नाही. तिथे उसवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं आहे. ती मैत्रीही आहे, आणि त्या बाईच्या घरी इतकी वर्षं आपण फिरकलोच नाही या अपराधाची उशिरा केलेली भरपाईसुद्धा. टाका सरळ होतो, मेलेला माणूस मेलेलाच राहतो. ऊबदार मालिकांनी टेबल, टाके, खालच्या आवाजातलं बोलणं हे सगळं या आजीकडून घेतलं. थरथरणारा हात बहुतेकींनी घेतला नाही.

माझी आई आणि मावशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. आजोळच्या घराच्या वाटणीवरून बिनसलं होतं. पाचव्या फेरीला आई आली. मॅकॉम्बरने इथे एक प्रकरण लिहिलं असतं, शेवटी मिठी असती. आई मावशीच्या खाटेशी स्टुलावर बसली. मावशीच्या अंगावर घरून आणलेली जुनी गोधडी होती, तिच्या काठाचा दोरा निघाला होता. आईने पर्समधून सुई काढली आणि गुडघ्यावर गोधडी ओढून धावदोरा घालायला लागली. दोघी रुग्णालयाच्या चहाबद्दल बोलल्या, नळाच्या पाण्याबद्दल बोलल्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलल्या. घराचा विषय निघाला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच नाही. पुढच्या वर्षी मावशी गेली.

त्या दोघींचं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या तासाभरात काय चाललं होतं ते मला कळत होतं, आणि ते बघायला मला ज्या पुस्तकांनी शिकवलं त्यात ग्लास्पेल होती तशी मॅकॉम्बरही होती. मॅकॉम्बरचा शेवट मी तेव्हाही खरा मानला नाही. तिचं टेबल मात्र मानलं. आईला ते पुस्तक दाखवायचं राहूनच गेलं होतं. गेल्या महिन्यात तिला त्याची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, त्या मुलीने बाळ देऊन टाकल्यावर तिचं काय झालं म्हणून.